उमेदीला आधार लागतो

सोलापूरच्या पूर्व भागात धंदा कसा चाललाय, हे आधी कानाला कळतं. अशोक चौकातून नीलम नगरच्या बाजूला वळलं की दोन्ही हातांच्या पत्र्याच्या शेडमधून मागांची खटखट अंगावर येते. धंदा बरा असला की ती रात्रीही थांबत नाही. दोन पाळ्या चालतात, चहाच्या गाड्यावर पहाटेची गिऱ्हाइकं असतात, आणि घरोघर कांड्या भरणाऱ्या बायकांच्या दारात सुताची पोती पडलेली दिसतात. धंदा बसला की आवाजाला भोकं पडतात. एक शेड चालू, पुढच्या दोन गप्प. मग दुपारी चारला माग बंद करून बाकड्यावर बसलेली माणसं दिसू लागतात, आणि त्यांना काही विचारायची गरजच राहत नाही. ‘मागावर माल नाही’ एवढं तीन शब्दांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

2025 मध्ये असे तुकडे पडलेले बोळ पुष्कळ दिसले. अमेरिकेने भारतीय मालावर 7 ऑगस्टला पंचवीस टक्के आणि 27 ऑगस्ट 2025 पासून आणखी पंचवीस, असा एकूण पन्नास टक्के कर लावला. ज्या कारखानदारांचे टॉवेल तिकडे जातात, त्यांच्या ऑर्डरी अडकल्या. टॉवेल अडकला की तो विणणारा रिकामा होतो, त्याची किनार शिवणारी रिकामी होते, दोरे कापून घड्या घालणारी रिकामी होते, पेट्या बांधणारा आणि टेम्पोवाला रिकामा होतो. एका मागाच्या मागे किती घरं उभी असतात ते माग थांबल्यावर कळतं. त्यात सप्टेंबरच्या शेवटी सीनेला आलेल्या पुराने माढा, मोहोळपासून उत्तर सोलापूरपर्यंतची शेतं खरवडून नेली. शेतकऱ्याच्या घरात लग्न निघालं तर सोलापुरी चादर निघते. ते गिऱ्हाईकही 2025 च्या दिवाळीत गेलं.

पण या संकटाचा सगळा दोष अमेरिकेच्या माथी मारणं सोपं आणि खोटं आहे. सोलापूरचा माग गेली दहा वर्षं धापा टाकतोय. 2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदी आली. हा धंदा रोख मजुरीवर चालणारा, आठवड्याच्या हिशेबाला पैसे देता येईनात, आणि कितीतरी माग तेव्हाच थांबले. पुढच्या वर्षी जीएसटी, मग 2020 ची टाळेबंदी. शिवाय एक जुनं दुखणं आहे. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळून वीस वर्षं होत आली, तरी देशभरच्या बाजारात पानिपतचा हलका माल ‘सोलापुरी’ म्हणून राजरोस विकला जातो. खरी सोलापुरी चादर जॅकार्डवर विणलेली असते. उलटी केली तरी नक्षी तीच राहते, फक्त रंगांची अदलाबदल होते. हे ओळखायला दोन मिनिटं लागतात, पण दुकानात ती दोन मिनिटं कुणी देत नाही.

आणि 18 मे 2025 ची पहाट. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. मालक आपल्या घरच्यांसह कारखान्यातच राहत होता, कामगाराचं कुटुंबही तिथेच. दोघांच्या घरातली माणसं त्या एकाच आगीत गेली. सोलापूरच्या बऱ्याच कारखानदारीची जात या घटनेतून कळते. इथला मालक पुष्कळदा चार-सहा मागांचा धनी असतो, कर्जात असतो, आणि कामगाराहून फार लांब राहत नाही. म्हणून कामगाराचे हक्क कमी होत नाहीत. सुरक्षेचे नियम धाब्यावर बसवायला मंदी हे कारण होऊ शकत नाही. पण इथली लढाई मुंबईच्या गिरणीमालकाशी होती तशी सरळ नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं.

अशा शहरात उमेद धरून राहणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला मी पूर्व भागात आणि कुंभारीच्या माळावर हिंडलो. मला एकच गोष्ट सांगायची आहे. खचू नका, धीर धरा, मन घट्ट करा, हे सांगणारे लोक सोलापुरात कमी नाहीत. व्याख्यानमाला आहेत, मोबाइलवर रोज सकाळी येणारे सुविचार आहेत. पण ज्यांनी खरोखर धीर धरलेला दिसला, त्यांच्या पायाखाली काहीतरी ठोस होतं. स्वतःच्या नावावर घर होतं, किंवा हक्काने दार ठोठावावं अशी संघटना होती, किंवा फंडाचं पुस्तक होतं, किंवा निदान बाजार नसताना विकता येईल असं हाताचं कसब होतं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, ते मनाने कच्चे होते म्हणून खचले असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

हे शहर बेकारीला नवखं नाही. 1896-97 च्या दुष्काळात सोलापूर आणि नगरच्या विणकरांवर उपासमारीची पाळी आली. पीक बुडालं की लुगडं कोण घेणार? सरकारी दुष्काळी कामं होती, पण ती खडी फोडायची. हातमागावर बसणाऱ्याची बोटं हीच त्याची इस्टेट, ती खडीवर घालवली तर सुकाळ आल्यावर तो विणणार कशाने? लोकमान्य टिळक तेव्हा स्वतः या भागात आले, इथल्या व्यापाऱ्यांबरोबर बसले आणि त्यांनी योजना आखली : स्थानिक व्यापाऱ्यांच्या समितीने सरकारच्या मदतीने विणकराला त्याच्याच धंद्यात काम द्यावं. मुंबई सरकारने ती मनावर घेतली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही योजना वाचताना मला तिचं शहाणपण जाणवतं. बेकार माणसाला नुसतं अन्न द्यायचं नाही, त्याचं काम त्याच्या हातात राहू द्यायचं, हा विचार त्यात आहे. आजच्या कौशल्य विकासाच्या जाहिरातींत तो सापडत नाही.

त्याआधीच, 1877 साली, मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने निघालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली होती. लोक तिला आजही ‘जुनी मिल’च म्हणतात. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर भोंग्यावर उठू लागलं. तेलंगणातून आलेले पद्मशाली, कर्नाटकातले लिंगायत, मराठवाड्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून दुष्काळाने हाकललेले शेतकरी, दखनी बोलणारे मोमीन असे सगळे या भोंग्याखाली एक झाले. चार भाषा बोलणारं कामगार शहर तयार झालं. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांना इथे मार्शल लॉ पुकारावा लागला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. जगभर महामंदी होती ती हीच वर्षं.

मात्र नोकऱ्या जाण्याच्या इतिहासात सोलापूरचं खरं पान आहे ते 1949 चं, आणि ते सोलापूरकरांनाही फारसं माहीत नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जुनी मिल बंद पडली. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली होती, कापडाची टंचाई होती, आणि चांगली मागणी असताना गिरणी कारभाराच्या गोंधळामुळे बंद. केंद्र सरकारने 9 जानेवारी 1950 रोजी, म्हणजे राज्यघटना अमलात यायच्या सतरा दिवस आधी, वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. एका गिरणीसाठी देशाच्या सरकारने वटहुकूम काढावा, पुढे संसदेने त्याचा कायदा करावा, हे त्या काळी अभूतपूर्व होतं. त्या वटहुकमात कारण काय दिलं होतं? गैरकारभारामुळे जीवनावश्यक मालाचं उत्पादन घटलं, आणि समाजातल्या एका वर्गात गंभीर बेकारी पसरली. सोलापूरच्या कामगारांची बेकारी हे देशाच्या कायद्यात लिहिलेलं कारण ठरलं.

भागधारक कोर्टात गेले. चिरंजितलाल चौधरी यांच्या खटल्यात 4 डिसेंबर 1950 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी कायदा उचलून धरला. समानतेच्या हक्काचा अर्थ लावणारा हा अगदी सुरुवातीचा निकाल. वकिलीचे विद्यार्थी तो आजही पाठ करतात. तीन वर्षांनी, 18 डिसेंबर 1953 रोजी, द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने उलट निकाल दिला. मोबदला न देता कंपनीचा ताबा घेणं म्हणजे मालमत्ता हिरावणंच, असं न्यायालय म्हणालं आणि कायदा रद्द झाला. 1955 ची चौथी घटनादुरुस्ती झाली त्यामागे असे निकाल होते. पुस्तकांत या खटल्यांची चर्चा मालमत्तेच्या हक्काची म्हणून होते. भागधारकाचं काय गेलं हे पानोपानी आहे. गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या हजारो माणसांचं काय गेलं याला त्यात जागा नाही. तरीही मला 1950 च्या त्या सरकारचं मोल वाटतं. गिरणी बंद पडली हा बाजाराचा न्याय, असं म्हणून ते हात झटकून मोकळं झालं नाही.

नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली, पुढे काही वर्षांत नरसिंग गिरजीही. तेव्हा कोणी वटहुकूम काढला नाही. कामगारांची देणी कोर्टाकचेऱ्यांत अडकली, गिरणीच्या जमिनींचे भाव चढत राहिले. मुंबईत 1982 च्या संपानंतर जे झालं तेच इथे झालं, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना निदान घरांच्या सोडतीचं गाजर तरी दिसलं. सोलापूरचा गिरणी कामगार बातमीतूनही गेला. कुणी रिक्षा घेतली, कुणी वॉचमन झाला, कुणी सुरत-भिवंडीला गेला. पुष्कळ जण मागावर बसले. गिरणीत फंड, बोनस, हक्काची रजा होती. मागावर नगावर मजुरी, आणि माल नसेल तर काही नाही. आकडेवारीत असा माणूस बेकार ठरत नाही. त्याच्या घरात मात्र सगळं बदललं.

काम गेलं की माणसात काय बदलतं, हे एका दूरच्या गिरणी-गावाने दाखवून दिलं आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारीएनथाल नावाचं गाव होतं. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. 1929-30 मध्ये ती बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण संशोधक तिथे गेले आणि 1933 साली त्यांचं पुस्तक आलं. बेकार माणूस बंड करतो असा तेव्हा समज होता. त्यांना दिसलं ते उलट. माणसं थिजत गेली. हाती वेळच वेळ होता, पण वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं. राजकीय पक्षांच्या सभा ओस पडल्या. संशोधकांनी रस्त्याने चालणाऱ्या माणसांकडे घड्याळ लावून पाहिलं, तर पुरुष हळू चालत होते, पुन्हा पुन्हा थांबत होते. बायका भरभर चालत होत्या. त्यांची चूल, पोरं, धुणं सुटलं नव्हतं, म्हणून दिवसाला आकार होता.

सोलापुरात गिरण्या बंद पडल्यावर हेच चित्र दिसलं असं जुनी माणसं सांगतात. पुरुष चौकात बसले, आणि घर चाललं ते बाईच्या मांडीवरच्या सुपावर.

सूप म्हणजे विडीचं सूप. सोलापुरात साठ-सत्तर हजार बायका विड्या वळतात, आणि त्यातल्या बहुसंख्य पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या. तेंदूची पानं रात्री भिजवून ओल्या कापडात बांधून ठेवायची. सकाळी पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने त्या मापाचं पान कापायचं. मग पाय पसरून बसायचं, सुपात एका बाजूला पान, एका बाजूला तंबाखू. चिमटीत तंबाखू, पानावर पसरली, दोन्ही अंगठ्यांनी वळली, टोक आत दाबलं, दोऱ्याचा वेढा दिला. डोळे वर न उचलता हे चालतं, आणि एकीकडे बोलणंही. पुढचा भाग कारखान्यातला. दिलेल्या पानातून इतक्या विड्या बसायलाच हव्यात असा हिशेब असतो. पान फाटकं निघालं तर तोटा बाईचा. विड्या मोजून घेताना ‘छाट’ म्हणून काही बाजूला काढतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत, विडीही परत मिळत नाही. दिवसभर तंबाखूची भुकटी नाकातोंडात जाते. खोकला, पाठदुखी, डोळ्यांचे आजार या घरांत पाहुणे म्हणून येत नाहीत, कायमचे राहतात.

या धंद्याला भविष्य नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तंबाखू माणसं मारते, तिच्यावर निर्बंध यायलाच हवेत. 2016 मध्ये पाकिटाच्या पंच्याऐंशी टक्के भागावर धोक्याचं चित्र छापण्याचा नियम आला आणि विडी कारखानदारांनी कारखाने बंद ठेवले, तेव्हा हजारो चुली विझल्या. चूक नियमाची नव्हती. विडी जाणार असेल तर विडीवालीचं काय, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर नव्हता. 1976 च्या कायद्याने विडी कामगार कल्याण निधीसाठी विडीवर उपकर होता. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या त्यातून चालत. 2017 साली जीएसटी आला आणि तो उपकरही गेला.

आणि तरीही, मी ज्या कामगारांना भेटलो त्यांच्यात धीराची माणसं सर्वांत जास्त दिसली ती याच बायकांत. त्याचं कारण कुंभारीला दिसतं.

अक्कलकोट रस्त्याने शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर कुंभारीचा माळ आहे. तिथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार गृहनिर्माण संस्थेची दहा हजार घरं आहेत. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते 2006 साली त्यांचा ताबा दिला गेला. केंद्राने वाटा दिला, राज्याने दिला, आणि तिसरा वाटा विडीवालीने स्वतः घातला. माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, आणि सिटूची कामगार संघटना यांनी मोर्चे काढत, मुंबई-दिल्लीच्या खेपा घालत हे घडवलं. त्याच माळावर मग रे नगर उभं राहू लागलं : तीस हजार घरं, विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार, बांधकाम मजूर, कागद-काच वेचणाऱ्या बायका यांच्यासाठी. 9 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या त्यांनीच दिल्या. लहानपणी आपल्यालाही अशा घरात राहायला मिळालं असतं तर, असं म्हणताना त्यांचा गळा दाटला. ती चित्रफीत देशभर फिरली. लाल बावट्याच्या संघटनेने मागितलेली घरं भाजपच्या पंतप्रधानांनी वाटली. कोणाला यात राजकारण दिसेल, मला यात चिकाटी दिसते. सरकारं बदलली, पक्ष बदलले, योजनांची नावं बदलली, मागणी तीच राहिली आणि मागणारेही तेच राहिले.

तिथल्या एका मावशींच्या ओट्यावर मी बराच वेळ बसलो होतो. नवरा मागावर, आठवड्यातून चार दिवस काम. मुलगा पुण्याला. माग बंद झाला तर काय, असं विचारलं तर त्यांनी हातातली विडी न थांबवता सांगितलं की पूर्वी माग बंद झाला की पहिली भीती घरमालकाची असायची. भाडं थकलं की सामान रस्त्यावर, पोरांची शाळा तुटली, पुन्हा नवा बोळ. आता भूक लागली तरी ती घरातच लागते. मावशी हे हसून सांगत नव्हत्या. ती जमाखर्चाची गोष्ट होती.

कुंभारीला मी स्वर्ग म्हणणार नाही. शहर लांब आहे, आणि काम शहरात आहे. बसचं भाडं आणि वेळ दोन्ही मजुरीतून जातात. सोलापुरात पाणी हा कायमचा प्रश्न आहे, माळावर तो जास्त बोचतो. बचत गटाच्या नावाखाली मायक्रोफायनान्सवाले वसुलीला दारात येतात, आणि पक्क्या घराकडे बघून कर्ज आणखी सैल हाताने देतात. दोन कंपन्यांचा हप्ता तिसरीच्या कर्जातून भरणाऱ्या बायका आहेत. घर झालं तरी कामाचा प्रश्न तिथेच आहे. पण घर आहे म्हणून कामाचा प्रश्न विचारायला त्या बायका मोर्चात उतरू शकतात. मारीएनथालला जे हरवलं होतं ते इथे दिसतं : एकत्र येण्याची सवय.

हाताच्या कसबाबद्दलही सांगायला हवं. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आता पुण्या-मुंबईच्या दुकानांत मिळते. तिच्यामागे शेकडो घरांतल्या बायका आहेत. मंगळवेढा-बार्शीकडची ज्वारी, पापडाइतकी पातळ थापलेली भाकरी, मंद आचेवर पाणी पूर्ण उडेपर्यंत शेकलेली. ती महिना महिना टिकते, म्हणून परगावी जाते. विडीतून सुटलेल्या कितीतरी हातांना हे काम मिळालं. त्यात आजार नाही, आणि माल विकणारीची मान ताठ राहते. शाळेच्या गणवेशांचंही तसंच. गेल्या काही वर्षांत इथल्या रेडिमेड कापड उत्पादकांनी एकत्र येऊन सोलापूरला गणवेशाचं शहर म्हणून उभं करायचं ठरवलं, 2017 पासून प्रदर्शनं भरवली, परदेशी खरेदीदार आणले. विणकामाच्या शहराने शिवणकामाकडे वळावं हे शहाणपणाचं आहे. पण शिलाई मशीनवरची मुलगी नगावर शिवते, आणि तिच्याकडेही फंडाचं पुस्तक नसतं. धंदा नवा असला तरी नोकरीची तऱ्हा जुनीच राहिली.

तरुण मुलांची उमेद कुठे आहे ती सकाळी साडेसहाच्या सुमाराला स्टेशनवर दिसते. पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस सुटते तेव्हा. जे चार जण येरवड्याला फासावर गेले त्यांच्या नावाची ही गाडी रोज सोलापूरची इंजिनिअर झालेली, आयटीआय झालेली, बी.कॉम. झालेली मुलं पुण्याला पोचवते. हिंजवडीत आणि चाकणमध्ये सोलापूरकरांच्या खोल्याच्या खोल्या आहेत. विमानतळ चालू व्हावा म्हणून 15 जून 2023 रोजी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पाडली. शेतकरी सभासद आणि कामगार रस्त्यावर आले होते, शहर दोन तट पडून भांडत होतं. विमान एकदाचं उडालं ते 9 जून 2025 ला, गोव्याला. विमानाने गुंतवणूक येईल, आयटी पार्क होईल, मुलं परत येतील, असं सांगितलं जातं. झालं तर मला आनंदच आहे. पण ज्या बाईने 2025 च्या ऑगस्टपासून टॉवेलची किनार शिवलेली नाही, तिला आयटी पार्कची वाट बघायला सांगणं क्रूर आहे.

तिला काय सांगता येईल? ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराची नोकरी गेली तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून नव्वद दिवसांपर्यंत निम्म्या पगाराइतका भत्ता मिळू शकतो. पूर्व भागात ही योजना फार थोड्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्यातले पुष्कळ विम्यात बसतच नाहीत, कारण एकाच छपराखालचे माग चार नावांवर वाटले की प्रत्येक नावावर कामगार थोडेच उरतात. फंडाचा वाद या शहरात वर्षानुवर्षं चालू आहे. मालक म्हणतात परवडत नाही, आणि आजच्या बाजारात त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मग जे मालकाला परवडत नाही ते सरकारने उचललं पाहिजे. सुताच्या कारखान्याला वीज सवलत मिळते, माग बदलायला अनुदान मिळतं. मंदीच्या महिन्यात माग चालवणाऱ्या माणसाला काय मिळतं?

शेतमजुराला निदान विचारायला जागा आहे. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली. सोलापूर जिल्ह्यातली एक पिढी त्या कामांवर जगली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला, आणि 2005 मध्ये देशाने तोच विचार उचलला. शहराला मात्र त्यात जागा नाही. केरळने अय्यनकाली योजनेतून 2010 च्या सुमारास शहरी रोजगार हमी सुरू केली, राजस्थानने 2022 मध्ये शंभर दिवसांची. या कल्पनेचं माहेर असलेल्या महाराष्ट्राने अजून केलेली नाही. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या चार माग-शहरांपासून ती सुरू करता येईल. काम शोधायला लांब जावं लागणार नाही : सरकारी शाळांचे गणवेश, रुग्णालयांच्या चादरी, वसतिगृहांचे टॉवेल यांची खरेदी मंदीच्या महिन्यांत या शहरांतल्या मागांवरून करावी, मजुरी आणि विमा ठरवून द्यावा. टिळकांनी सोलापूरच्या विणकरासाठी मागितलं होतं त्याहून हे फार वेगळं नाही.

वाचकहो, तुम्ही महाराष्ट्रात पगारदार असाल तर तुमच्या पगाराच्या पावतीवर ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ असते. वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपये. हा कर 1975 साली रोजगार हमीच्या कामांसाठी पैसा उभा करायला म्हणून लावला गेला, आणि तो तेव्हापासून कापला जातोय. सोलापूरचा प्राध्यापक तो भरतो, बँकेतला कारकून भरतो, गिरणी चालू होती तोवर गिरणीतला कारकूनही भरत होता. त्याच शहरातला मागावरचा कामगार बेकार झाला, तर त्या हमीवर त्याचा हक्क नाही.